आठ नंबरकडे बघा

रात्रीचे साडेबारा वाजून गेलेत. तारीख आत्ताच बदलली, ४ जुलै १९९८, शनिवार. नंदुरबारात, माणिक चौकापासून जवळच एका घराच्या माडीवर तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात. बाहेर पावसाची रिपरिप. खोलीत पंधरा-वीस माणसं, एक टीव्ही आणि शेंगदाण्यांचा एक कागद, जो हातोहात फिरत तुमच्यापर्यंत येतो तेव्हा त्यात फोलपटंच उरलेली असतात. खिशातल्या तुमच्या मोबाइलला इथं काही अर्थ नाही; तो बाहेर काढू नका. तुम्ही कोण, कुणाकडचे, हे कुणी विचारत नाही. वर्ल्ड कपच्या रात्री ज्या घरात टीव्ही चालू असेल तिथं कुणीही येऊन बसतं.

ज्या जिल्ह्यात तुम्ही बसला आहात तो अजून बाळसंही न धरलेला आहे. परवाच्या बुधवारी, १ जुलैला, धुळ्यातून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके वेगळे निघाले. त्याच दिवशी तिकडे विदर्भात अकोल्यातून वाशिम निघाला. खाली अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलींवर अजून एमएच १८ आहे. एमएच ३९ तुम्हाला ठाऊक आहे, पण बोलून दाखवू नका. कलेक्टर कचेरी कुठं बसणार, कोणतं खातं धुळ्याहून कधी हलणार, यावर संध्याकाळपासून खल चालला होता. तो आता थांबलाय, कारण फ्रान्समध्ये नाँतच्या मैदानावर खेळ सुरू होऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच डेन्मार्कने ब्राझीलवर गोल चढवलाय.

‘रोनाल्दो काढीन,’ कोणीतरी म्हणतं. सगळी खोली रोनाल्दोची आहे. भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेला त्याचा फोटो आहे, दात पुढे आलेला, हसरा. तुमच्या शेजारी शाळेतले पीटीचे सर बसलेत. ते तुमच्याकडे वळतात.

‘रोनाल्दोकडे बघू नका भाऊ. त्याला अख्खं जग बघतंय. आठ नंबरकडे बघा.’

‘कोन शे तो?’ मागून एक पोरगा विचारतो.

‘कॅप्टन शे. दुंगा.’

तुम्ही बघायला लागता आणि पहिली अडचण येते: तो दिसतच नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि हा माणूस चेंडूमागे धावत नाही. रॉबेर्तो कार्लोस डावीकडून सुसाट वर गेला की मगच चौकटीच्या कडेला तो दिसतो, कार्लोसने रिकाम्या सोडलेल्या जागेकडे सरकताना. उजवीकडून काफू निघाला की हा चार पावलं तिकडे. धाव अशी नाहीच; चालणं, थांबणं, हात वर करून कुणावर तरी खेकसणं. वय ३४. केस बारीक कापलेले, चेहरा रागावलेला. पाय आडवा घालून चेंडू काढून घेण्याचा प्रसंग त्याच्यावर फार क्वचित येतो, कारण डेन्मार्कचा माणूस जिथं चेंडू द्यायला बघतो तिथं हा आधीच उभा असतो, मग तो माणूस चेंडू तिथं देतच नाही. न दिलेला पास कोणाला दिसणार?

या खोलीतल्या निम्म्या लोकांना हे काम खरं तर कळायला हवं. रात्रीच्या लाईटीवर कपाशीला पाणी भरायला जाणारा माणूस काय करतो? विहीर त्याने खोदलेली नसते, मोटर त्याने बसवलेली नसते. तो अंधारात फावडं घेऊन उभा असतो. एक सरी भरली की माती ओढून तिचं तोंड बांधतो, दुसरीचं उघडतो, आणि कुठं बांध फुटतोय याकडे कान ठेवतो. सकाळी सगळे पीक बघतात. सर हे असंच काहीसं त्या पोराला समजावून सांगतात आणि पोरगा म्हणतो, ‘मग त्यात काय मोठं?’ तेवढ्यात बेबेतो बरोबरी साधतो आणि प्रश्न आरडाओरड्यात बुडतो.

त्या पोराच्या प्रश्नासाठी तुम्हाला अकरा वर्षं मागं जावं लागेल.

१९८७, इटलीतलं पिसा. कलत्या मनोऱ्याकडे पाठ करा. मैदान त्याच्यापासून फार लांब नाही. हा छोटा क्लब नुकताच वरच्या दर्जात, सेरी आमध्ये, परत आलाय. मालक रोमेओ अन्कोनेतानी सामन्याआधी नशीब उघडावं म्हणून गवतावर मीठ फेकतो, खरोखरचं मीठ. त्या मैदानावर एक ब्राझिलियन पोरगा उतरतो, नाव कार्लोस काएतानो ब्लेडोर्न व्हेरी. जन्म ३१ ऑक्टोबर १९६३ चा, ब्राझीलच्या अगदी दक्षिणेकडे रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या इजुई गावचा. आडनावातलं ब्लेडोर्न जर्मन आहे आणि व्हेरी इटालियन; त्या भागात अशा घरांची कमतरता नाही. हिमगौरीच्या सात बुटक्यांतल्या एकाचं पोर्तुगीज नाव दुंगा. पोरगा ठेंगूच राहणार असं वाटून मामा-काकांपैकी कुणीतरी ते नाव त्याला चिकटवलं. पुढे तो चांगला उंच झाला, नाव तेच राहिलं.

तुम्ही कठड्याशी उभे राहून बघा. इथल्या लोकांनी ब्राझिलियन पाहिलेले आहेत. फाल्काओ रोमात राजासारखा राहून गेला, झिको उदिनेमध्ये दोन वर्षं खेळला, करेका आता नापोलीत आलाय. ब्राझिलियन म्हटलं की टाचेने मारलेला पास, हवेत वळणारी फ्रीकिक. फाल्काओ आणि दुंगा दोघेही पोर्तो अलेग्रेच्या इंतरनासिओनाल क्लबमधून आलेले, म्हणून पहिल्या दिवशी लोक थोड्या आशेने बघतात. आणि हा आठवण ठेवावी असं काहीच करत नाही. चेंडू घेतो, देतो. परत मागतो, परत देतो. हातात १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं रौप्यपदक आहे आणि इंतरनासिओनालनंतर कोरिंथियन्स, सांतोस, वास्को असे क्लब पालथे घालून तो इथं आलाय. मुळात त्याला घेतलंय फिओरेंतिनाने. पिसाकडे वर्षभरासाठी उसना दिलाय. पिसा त्या वर्षी वरच्या दर्जात टिकतो. पिसाच्या लोकांसाठी तेवढं पुष्कळ असतं.

त्या काळच्या सेरी आची कल्पना येण्यासाठी एवढं लक्षात घ्या: क्लबला परदेशी खेळाडू घ्यायची मर्यादा दोन, १९८८ पासून तीन. म्हणजे परदेशी माणूस घ्यायचा तर मॅराडोना घ्यायचा, व्हान बास्टेन घ्यायचा, माथेउस घ्यायचा. अशा मोजक्या जागांपैकी एक जागा एखादा क्लब बचावाआधी उभ्या राहणाऱ्या माणसावर खर्च करतो, याचा अर्थ तो माणूस त्यांना कळलेला आहे. इटालियन प्रशिक्षक गोल न होण्याचा अभ्यास करतात, बाकीचे जसा गोल करण्याचा करतात तसा. दुंगा इथं शिकला असं सगळे म्हणतात. मला वाटतं, तो शिकूनच आला होता. इथं त्याला पहिल्यांदा त्याबद्दल मान मिळाला.

आता फिओरेंतिनाच्या गावी, फिरेन्झेला या. १९८८ ते १९९२, सलग चार हंगाम. जांभळे शर्ट. प्रशिक्षक सुरुवातीला स्वेन-योरान एरिक्सन, चष्मेवाला स्वीडिश. संघात २१ वर्षांचा रॉबेर्तो बाज्जो आहे, गुडघ्यावर मोठी शस्त्रक्रिया होऊन परतलेला. हे दोघं शेजारी शेजारी बघायला मिळणं, यासाठीच खरं तर हा प्रवास करावा. दुंगा चेंडू मिळवतो, मान वर करतो, आणि पन्नास पावलांवर बाज्जोच्या पावलात सोडतो. होय, पन्नास. तो नुसता तोडफोड करणारा, हा गैरसमज इथं गळून पडतो; त्याचा लांबचा पास रेषेवर ठेवल्यासारखा जातो. बाज्जो तीन माणसांना चकवून गोल करतो आणि सगळं शहर बाज्जोच्या नावाने ओरडतं. ओरडावं असंच ते असतं.

१९९० चा मे महिना. युएफा कपच्या अंतिम फेरीत फिओरेंतिनाची गाठ जिचा सगळ्यात जास्त द्वेष करायचा त्या युव्हेंतुसशी. तुरिनमध्ये ३–१ ने हार. परतीचा सामना फिरेन्झेच्या मैदानावर नाहीच. प्रेक्षकांच्या गोंधळाची शिक्षा म्हणून तो दक्षिणेकडे आवेल्लिनोत, आणि तो ०–०. कप युव्हेंतुसचा. त्यानंतर दोनच दिवसांत बातमी फुटते की बाज्जोलाही युव्हेंतुसनेच विकत घेतलं. रस्त्यावर उतरलेली गर्दी बघायची असेल तर जपून उभे राहा. दगड येतात, पोलीस येतात. दुंगा तिथंच राहतो, आणखी दोन वर्षं. त्याच्यासाठी कुणी दगड उचलला नसता, आणि मला वाटतं त्यालाही ते चाललं असतं.

महिनाभरानंतर तुरिन. २४ जून १९९०, रविवार. हा सामना तुम्ही नंदुरबारातूनच बघा, कारण वेळ सोयीची आहे, रात्री साडेआठ. नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातला एक तालुका आहे. ‘महाभारत’ मालिका संपत आल्याचे दिवस आहेत. टीव्ही असलेल्या घरात रविवारी सकाळी चपलांचा ढीग पडतो, आणि आज तो रात्रीही पडलाय. पीटीच्या सरांची मिशी अजून काळी आहे. तुम्ही त्यांना ओळखता, ते तुम्हाला ओळखत नाहीत.

ब्राझीलविरुद्ध अर्जेंटिना. ब्राझीलने गटातले तिन्ही सामने जिंकलेत, पण लोक खूश नाहीत, कारण प्रशिक्षक लाझारोनीने बचावात एक जादा माणूस ठेवलाय आणि खेळ युरोपसारखा वाटतोय. आज मात्र ब्राझील मनासारखं खेळतंय. चेंडू पुन्हा पुन्हा गोलच्या खांबांवर जाऊन आदळतोय. सर तळहात चोळत बसलेत. मग ऐंशीव्या मिनिटाच्या सुमाराला मॅराडोना, घोट्याला सूज घेऊन खेळणारा, सामनाभर लंगडणारा मॅराडोना, मधल्या वर्तुळाजवळून निघतो. आलेमाओ मागं पडतो. दुंगा त्याला गाठायला जातो आणि कमी पडतो. बचावातली सगळी माणसं त्याच्यावर धावून जातात, तो पडता पडता उजव्या पायाने चेंडू सोडतो आणि डावीकडे कनिज्जा एकटा. १–०.

‘एवढ्या सामन्यात एकदाच सुटला,’ सर म्हणतात.

एकदाच. पुढच्या काही आठवड्यांत ब्राझीलच्या वर्तमानपत्रांनी त्या सगळ्या संघाला आणि त्या सगळ्या विचारालाच नाव देऊन टाकलं: दुंगा युग. म्हणजे कल्पनाशून्य, रेटणारा, घामट फुटबॉल. व्यवस्था लाझारोनीची होती. गोल करायच्या संधी पुढच्या फळीने घालवल्या होत्या. नाव मात्र दुंगाचं, कारण कुणा एकाचा चेहरा लागतो आणि त्याचा चेहरा तसा होता. त्या दिवशी त्याच्या जागी पाच माणसं असती तरी मॅराडोना सुटला असता असं माझं मत आहे; पण ब्राझीलमध्ये असं म्हणणाऱ्याला तेव्हा कुणी जेवायला बोलावलं नसतं.

मधली वर्षं भराभर जाऊ द्या. राष्ट्रीय संघातून तो बाहेर. १९९२ मध्ये फिओरेंतिनाचा निरोप घेऊन तो आड्रियाटिक समुद्रकाठच्या पेस्काराकडे जातो. एकदा तिथं डोकावा, १३ सप्टेंबर १९९२ ला, कारण असा सामना पुन्हा दिसणार नाही: पेस्कारा ४, मिलान ५. बारेसी आणि माल्दिनी, जगातले दोन सर्वोत्तम बचावपटू, दोघांनीही स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू घातला, आणि तरी व्हान बास्टेनच्या तीन गोलांवर मिलान जिंकलं. पेस्काराच्या मधल्या फळीत दुंगाबरोबर मास्सिमिलिआनो आल्लेग्री नावाचा एक सडपातळ खेळाडू आहे. पुढे तो प्रशिक्षक होऊन युव्हेंतुसला सलग विजेतेपदं मिळवून देईल. हंगामाच्या शेवटी पेस्कारा तळाला. खालच्या दर्जात गच्छंती.

तिथून श्टुटगार्ट, १९९३ ते १९९५. क्लबने १९९२ मध्येच जर्मनीचं विजेतेपद मिळवलेलं, पण आता गाडी मधेच कुठंतरी अडकलेली. दुंगा इथं रुळतो. शिस्त, वेळ, मोठ्या आवाजात दिलेल्या सूचना. आजोळी आल्यासारखं त्याला वाटत असेल का, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही. बुंडेसलिगात चेंडू इटलीपेक्षा लवकर पुढे-मागे होतो, मधली जागा मोठी पडते, आणि ती जागा एकट्याने राखायची तर धावण्यापेक्षा आधी ओळखणं लागतं. तेव्हा तो तिशीला आलाय. १९९८ च्या त्या रात्री तुम्ही जे चालणं-थांबणं बघत होता, ते इथं पक्कं झालं.

इकडे ब्राझील संकटात आहे. २५ जुलै १९९३ ला ला पाझच्या उंचीवर बोलिव्हियाने त्यांना २–० ने हरवलं; वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतली ब्राझीलची ती पहिलीच हार. परतीच्या सामन्यात रेसिफेमध्ये अकरा जण एकमेकांचे हात धरून मैदानात आले आणि ६–० ने जिंकले. त्या साखळीत दुंगाही होता. प्रशिक्षक कार्लोस अल्बेर्तो पारेरा याने शिव्या खायची तयारी ठेवून त्याला परत आणलं होतं. वर शेजारी उभा केला मावरो सिल्वा, स्पेनच्या देपोर्तिव्होकडून खेळणारा, म्हणजे युरोपात घडलेला आणखी एक राखणदार. एकाच संघात असे दोन! ब्राझीलमध्ये हे ऐकून लोकांनी कपाळावर हात मारला.

१८ जुलै १९९४, पहाटे साडेतीनच्या आसपास. परत नंदुरबार. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात भर दुपार आहे, ९४ हजार माणसं उन्हात भाजताहेत. इथं खोलीत सामना सुरू झाला तेव्हा बाराजण होते, आता चौघं जागे आहेत. सर त्यात आहेत. इटलीविरुद्ध १२० मिनिटं संपली, गोल शून्य. स्पर्धेच्या सुरुवातीला कप्तान राई होता. तो संघाबाहेर गेला आणि दंडावरची पट्टी दुंगाकडे आली.

पेनल्टी. बारेसी बाहेर मारतो. मार्सिओ सांतोसची अडवली जाते. आल्बेर्तिनी, रोमारिओ, एवानी, ब्रांको, चौघंही गोल. मास्सारोची ताफारेल अडवतो. आता ब्राझीलचा चौथा. मधल्या रेषेवरून एकटा चालत येतो तो आठ नंबर. चार वर्षं ज्याच्या नावाने एक अख्खं युग बदनाम केलं, त्याने आत्ता चुकवली तर काय होईल, हे तुम्ही जाणता, तोही जाणतो. मारतो, आणि चेंडू जाळ्यात. ३–२. आता इटलीच्या पाचव्याला गोल करावाच लागेल, आणि तो पाचवा बाज्जो आहे. फिरेन्झेत ज्याच्या पावलात दुंगा पास सोडायचा तो बाज्जो. चेंडू दांडीवरून आकाशात जातो.

जग तो फोटो पुढची तीस वर्षं बघणार आहे: कमरेवर हात, मान खाली, पाठीमागे वेणी. तुम्ही मात्र त्यानंतरची पाच मिनिटं बघा. अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर कप देतात. दुंगा तो उचलतो आणि समोरच्या फोटोग्राफरांच्या गर्दीवर ओरडतो. हसत नाही, रडत नाही, शिव्या देतो. आयर्टन सेनाच्या आठवणीचा फलक घेऊन सगळा संघ मैदानाला फेरी मारतोय, देश चोवीस वर्षांनी जिंकलाय, आणि कप्तानाचं तोंड चार वर्षांचा हिशेब चुकता करतंय. अशोभनीय म्हणून पुढे खूप लिहिलं गेलं. मला त्या सोहळ्यात तेवढीच गोष्ट खरी वाटली.

श्टुटगार्टनंतर त्याची युरोपातली आठ वर्षं संपली. मग जपान, जुबिलो इवाता. १९९७ मध्ये तिथं लीगचं विजेतेपद आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. आता चला त्या माडीवर, १९९८ मध्ये.

डेन्मार्कचा सामना ब्राझीलने ३–२ असा काढला. आता ८ जुलै, तीच वेळ, उपांत्य सामना मार्सेयमध्ये, नेदरलँड्सशी. जिल्हा एक आठवड्याचा झालाय आणि लोक आपला पत्ता सांगताना अजून ‘जिल्हा धुळे’ म्हणून जीभ चावतात. रोनाल्दोचा गोल, शेवटाकडे क्लाइव्हर्टचा, १–१. पुन्हा पेनल्टी. पहिली रोनाल्दो, दुसरी रिवाल्दो, तिसरी एमर्सन. डचांच्या तिसऱ्याची, कोकूची, ताफारेलने अडवली.

‘चौथी कोन मारीन?’ पोरगा विचारतो.

तुम्हाला ठाऊक आहे. सरांनाही ठाऊक आहे. दुंगा येतो, मारतो, गोल. पाठोपाठ रोनाल्ड दे बूर येतो आणि ताफारेल पुन्हा अडवतो. चार वर्षांपूर्वी चौथी याची आणि त्यानंतर समोरच्याची चूक, आज तेच. पोरगा सरांकडे बघतो. त्याच्या तोंडून काही निघत नाही, पण एवढं मात्र होतं की पुढच्या सामन्याला तो टीव्हीपाशी बसतो आणि रोनाल्दो सोडून भलतीकडेच बघत राहतो.

पुढचा सामना म्हणजे अंतिम, १३ जुलैची मध्यरात्र. तुम्हाला निकाल माहीत असल्यामुळे या रात्री बसवत नाही. दुपारी रोनाल्दोला झटका आलाय, पहिल्या यादीत त्याच्या जागी एदमुंदोचं नाव होतं, हे इथं कुणाला कळलेलं नाही. नाणेफेकीला दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात तेव्हा सरांना राहवत नाही. ‘बघा भाऊ, दोघं एकाच कामाचे.’ फ्रान्सचा कप्तान दिदिए देशाँ, युव्हेंतुसचा. त्याच्याच देशाच्या एरिक कँटोनाने त्याला पाणी वाहणारा म्हणून हिणवलं होतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या सामन्याचे दोन्ही कप्तान असे, ज्यांची पोस्टर्स कुणी भिंतीवर लावत नाही.

झिदान दोन कॉर्नरवर दोन हेडर मारतो, एकदा उजवीकडून आलेल्या, एकदा डावीकडून आलेल्या. कॉर्नरला राखणदाराची जागा, अंदाज, आठ वर्षांचं शिक्षण, काही उपयोगी पडत नाही. गर्दीत उंच उडी कोण घेतो एवढंच असतं. शेवटी पेतीचा तिसरा. ३–०. ब्राझीलसाठी दुंगाचा हा शेवटचा सामना, एक्याण्णवावा. पहाटे खोली रिकामी होते तेव्हा सगळे रोनाल्दोला काय झालं यावर भांडत जिना उतरतात.

१९९९ मध्ये तो इंतरनासिओनालला परतला आणि हंगामाच्या शेवटी त्याच्याच गोलने पाल्मेइरासला हरवून क्लब खालच्या दर्जात जाता जाता वाचला. हे बघायला थांबू नका. त्या सामन्याचं नंदुरबारात काहीच येत नाही.

२ जुलै २०१० ला थांबा. संध्याकाळी साडेसात. जिल्ह्याला बारा वर्षं होऊन एक दिवस झालाय, खाली मोटारसायकलींवर आता एमएच ३९ आहे, टीव्ही भिंतीला चिकटलाय. ब्राझीलचा प्रशिक्षक दुंगा. चार वर्षांत त्याने कोपा अमेरिका जिंकलाय, कॉन्फेडरेशन्स कप जिंकलाय, आणि रोनाल्दिन्होला घरी ठेवून मधे दोन राखणदार उतरवलेत: पानाथिनाइकोसचा जिल्बेर्तो सिल्वा आणि युव्हेंतुसचा फेलिपे मेलो. ब्राझीलच्या वर्तमानपत्रांनी वीस वर्षांपूर्वीचे मथळे परत काढलेत. नेदरलँड्सविरुद्ध मेलोच एका सरळ लांब पासने रोबिन्होचा गोल घडवतो. दुंगाला स्वतःचा पास बघितल्यासारखं झालं असेल. उत्तरार्धात तोच मेलो गोलरक्षकाच्या आड येतो आणि गोल होतो, मग स्नायडरचा हेडर, मग मेलो जमिनीवर पडलेल्या रॉबेनला तुडवतो आणि लाल कार्ड. २–१. दुंगा बडतर्फ.

सर आता निवृत्तीला आलेत. ‘त्याचं चुकलंच,’ ते म्हणतात. ‘मेलोमध्ये राग याच्यासारखा आहे. डोकं नाही.’

आणि शेवटचा मुक्काम, ९ जुलै २०१४ ची पहाट. बेलो ओरिझोंतेत ब्राझील विरुद्ध जर्मनी. तेविसाव्या मिनिटाला क्लोझं, मग क्रूस, पुन्हा क्रूस, मग खेदिरा. सहा मिनिटांत चार गोल. एकूण ७–१. दोन आठवड्यांत ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने नव्या प्रशिक्षकाचं नाव जाहीर केलं: दुंगा. तो दोन वर्षं टिकेल आणि पुन्हा काढला जाईल, हे तुम्हाला ठाऊक आहे. सरांना सांगायला जाल तर ते ऐकणार नाहीत. त्यांच्या हातात आता नातवाचा मोबाइल आहे आणि ते क्रूसचा दुसरा गोल परत परत लावून बघताहेत. फेर्नांदिन्हो, मँचेस्टर सिटीचा, युरोपातला नावाजलेला राखणदार, स्वतःच्या गोलसमोर चेंडू पायात घेऊन वळतो. क्रूस मागून येऊन तो काढून घेतो, खेदिराला देतो, परत घेतो, गोल.

सर चित्र थांबवतात. फेर्नांदिन्होच्या मागच्या हिरव्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून ते त्या पोराला विचारतात, जो आता पोरगा राहिलेला नाही, शहाद्याला शिक्षक आहे आणि ज्याच्या शाळेचा फुटबॉल संघ आहे:

‘सांग, इथं कोण पाहिजे होता?’

‘सर, इथं नाही,’ तो म्हणतो आणि बोट दोन इंच डावीकडे सरकवतो. ‘इथं.’